मासळीचा वास

थंडर बे, जानेवारी, उणे एकतीस.
व्हॅनमधून उतरून दारापर्यंत जाईतो
पापण्या एकमेकींना चिकटतात.

आउने हिएताला, ऐंशीच्या पुढची,
गॅरेजचं दार खांद्यानं ढकलते
आणि आधीच निकाल सांगून टाकते:
"विमेवाल्यांना कागद हवाय. बाकी सगळं ठीक आहे.
वेइक्कोनं स्वतः केलंय."

अठरा वर्षं ऐकतेय मी हे वाक्य.
कुणाचा नवरा, कुणाचा मेहुणा,
स्वतः केलेलं, आणि अजून चालतंय.
चालतंय, हीच तर भानगड.
वीज कुरकुर करत नाही.

टेस्टर भिंतीवरून फिरवत जाते.
तो रातकिड्यासारखा किरकिरतो
जिथं किरकिरायला हवं तिथं,
आणि एकदा भलतीकडेच:
बर्फ ओढायचं फावडं टांगलेल्या खिळ्याशी.
खिळा आरपार वायरीत.
रोज सकाळी ही बाई इथं हात घालते.
दांडा लाकडी, हातमोजे लोकरी,
आणि नशीब. तिन्ही आजवर कोरडी राहिली.

ॲल्युमिनियमची वायर, माझ्याहून वयानं मोठी,
तांब्याला नुसती पिळून बांधलेली.
एक जास्त फुगते, एक कमी,
दर हिवाळ्यात पकड थोडी सैल.
जोड उघडाच, त्यावर
कॉफीच्या डब्याचं झाकण, सुतळीनं आवळलेलं.
पंधराच्या वायरीवर तीसचा ब्रेकर.
"सारखा पडायचा, म्हणून मोठा आणला,"
ती सांगते, जसं काही
पोराला बूट लागत होते.

मग कोपऱ्यात थांबते. तिथं हीटर,
आणि हीटरसमोर एक घडीची खुर्ची.

"इथं तो असतो," म्हणते.
"वास येतो. मासळीचा.
शनिवारी बर्फाला भोक पाडून बसायचा सरोवरावर,
आणून इथंच साफ करायचा, वर्तमानपत्रावर.
तीन हिवाळे झाले त्याला जाऊन.
हीटर लावला, की दहा मिनिटांत येतो.
मी तासभर बसते. कधी दोन तास.
कुणाला सांगितलं नाही, मुलीलासुद्धा."

मी गुडघ्यावर बसून सॉकेटला नाक लावते.
काम शिकताना पहिल्याच आठवड्यात
आम्हाला हा वास शिकवतात.
मासळी नसलेल्या घरात मासळी आली,
तर आधी मेन बंद करा, मग बोला.

मी मेन बंद करते.
मग बोलायला काही सुचत नाही.

बॅटरीच्या उजेडात चार स्क्रू काढते.
सॉकेट बाहेर येतं, मागून तपकिरी, वितळून ओघळलेलं,
करपलेल्या टोस्टसारखं एका कडेनं काळं.
त्यामागच्या फळीवर
हाताच्या पंजाएवढा डाग.
मी तिला दाखवते. समजावत नाही.
लाकडाचं बांधकाम, वर तिची झोपायची खोली,
हे तिलाही दिसतंय.

ती हातमोजा काढते,
सॉकेट नाकाशी नेते.
फार वेळ.
"हाच," म्हणते.
मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, फिनिशमध्ये काहीतरी,
आणि ते तिच्या कोटाच्या खिशात जातं.
नियमानं ते मी न्यायला हवं होतं.

सोमवारी परत आले. नवी वायर, नवे डबे,
ब्रेकर पंधराचा, फावड्याला वेगळा खिळा.
शेवटी हीटर लावून बघितला.
दहा मिनिटं. पंधरा.
ती खुर्चीत, मी उभी,
दोघी श्वास घेतोय, नको तितका खोल.
ऊन धातू. थोडी धूळ.
बस.

"पुन्हा वास आला, तर?" तिनं विचारलं.
"मेन बंद करा. मला लगेच फोन करा. रात्र असली तरी."

"आणि नाही आला, तर?"

मी शेवटचा स्क्रू, आधीच घट्ट असलेला,
पुन्हा एकदा पिळून बघितला.